डिझेल ब्रेकात जातं

मुलुंड चेकनाक्यापासून अंधेरीच्या मरोळपर्यंत कुठल्याही टेम्पो नाक्यावर जुन्या पिकअपच्या मालकाला विचारा, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ बारा, असं उत्तर येतं. नऊ म्हणायला कुणी तयार नसतो, कारण नऊ म्हणजे गाडी काढायला झाली. हा बाराचा आकडा बहुतेक वेळा गाडी नवी होती तेव्हाचा असतो, आणि तोही नाशिक हायवेवर लांबच्या भाड्याला मिळालेला. तीच गाडी आता पहाटे वाशीच्या मार्केटमधून भाजी भरून घाटकोपरला येते, दुपारी भिवंडीच्या गोदामातून खोकी आणते आणि संध्याकाळी साकीनाक्याला तासभर अडकते. इंजिन तेच, पण डिझेल जाण्याच्या वाटा पार बदललेल्या असतात.

इथे ज्या गाड्या डोळ्यांसमोर आहेत त्या म्हणजे महिंद्राची पिकअप, टाटाची २०७ आणि २००५ मध्ये आलेली टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती. यातल्या जुन्या गाड्यांचा डिझेल पंप यांत्रिक असतो. त्यात संगणक नाही, सेन्सर नाहीत. ही अडचण वाटते, पण सोयही आहे. या गाड्यांचे बरेचसे आजार डोळ्यांना, कानांना आणि हाताला कळतात.

पण सुरुवात मोजण्यापासून करायला हवी, आणि बहुतेक जण नेमकं तेच टाळतात. पाचशेचं डिझेल टाकलं आणि काटा कुठवर गेला, यावरून काहीही कळत नाही. टाकी फुल करायची, पंपाचा नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाला की थांबायचं, किलोमीटर लिहून ठेवायचे. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तशीच फुल करायची आणि किती लिटर बसलं ते पाहायचं. एका टाकीवर विश्वास ठेवू नका. तीन टाक्यांची बेरीज धरली तर भरण्यातला थोडा कमीजास्तपणा त्यात विरून जातो. शेजारी एक शब्द लिहा: भरलेली, अर्धी, रिकामी. जुन्या गाडीत आणखी एक फसगत असते. टायर वेगळ्या मापाचे बसवले असतील तर मीटर खोटं बोलतो. पूर्व द्रुतगती मार्गावर दहाएक किलोमीटर फोनच्या नकाशाशी मीटर ताडून पाहिला की किती फरक धरायचा ते समजतं.

आता एका किलोमीटरचं डिझेल नेमकं कुठे जातं ते पाहू. रिकामी गाडी दीडेक टनाची, वर टन-सव्वा टन माल आणि दोन माणसं, म्हणजे तीन टनांच्या आसपास वजन झालं. एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. शहरी रहदारीत जुन्या इंजिनाकडून त्यातली चाकापर्यंत पोचते ती ढोबळमानाने एक चतुर्थांश, म्हणजे ९ मेगाज्यूल. बाकीची रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून गरम हवा होऊन निघून जाते. हा तोटा जन्मजात आहे, त्यावर रुसून उपयोग नाही. चाकाशी पोचलेल्या चतुर्थांशाचं काय होतं, तिथे मात्र आपला हात पोचतो.

तीन टनांची गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने जात असते तेव्हा तिच्या अंगात सुमारे १८५ किलोज्यूल ऊर्जा असते. समोर रिक्षा आडवी आली, ब्रेक दाबला, गाडी थांबली. ती सगळी ऊर्जा ड्रममध्ये आणि लायनरमध्ये उष्णता होऊन गेली. पुन्हा चाळिसावर यायला तेवढीच ऊर्जा इंजिनाने नव्याने द्यायची, म्हणजे वीस मिलिलिटर डिझेल. औषधाचे चार चमचे. लिटरला नव्वद रुपयांच्या हिशेबाने हा एक ब्रेक पावणेदोन-दोन रुपयांना पडतो. पन्नास वेळा तसं झालं की एक लिटर गेलं. आणि वेग साठ असेल तर? ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे साठावरून शून्यावर आलेला ब्रेक चाळिसावरच्या ब्रेकच्या सव्वादोन पट महाग असतो.

आता मांडणी करू. चांगल्या डांबरी रस्त्यावर तीन टनांची गाडी नुसती घरंगळत ठेवायला किलोमीटरला चाळीसेक मिली डिझेल लागतं. उपनगरात किलोमीटरला दीड-दोन वेळा ब्रेक लागतो असं धरलं तर त्याचे तीस ते चाळीस मिली. चाळिसाच्या वेगाला हवेचा विरोध दहा-पंधरा मिली खातो, आणि सिग्नलला उभं राहण्यात आणखी आठ-दहा जातात. एकूण पंच्याण्णव-शंभर मिली, म्हणजे लिटरला दहा किंवा साडेदहा. नाक्यावरच्या बारापेक्षा हे खऱ्याच्या जवळ आहे. यातला हवेचा वाटा बघा किती छोटा आहे. हायवेवर ऐंशीने गेलात तर हवेचा विरोध चाळिसाच्या चौपट होतो, तिथे ताडपत्री घट्ट बांधणं आणि वेग साठच्या आत ठेवणं भरपूर फायद्याचं. पण असल्फा-साकीनाका पट्ट्यात ताडपत्रीचा आकार बदलून काही हाती लागणार नाही. इथे डिझेल ब्रेक खातात आणि टायर खातात.

म्हणून उपनगरातल्या ड्रायव्हरची खरी कमाई ब्रेक न दाबण्यात आहे. याचा अर्थ सिग्नल तोडणं नव्हे. लांबवर लाल दिवा दिसला की पाय काढायचा आणि गाडी गिअरमध्येच ठेवून येऊ द्यायची. पूल चढताना खर्च झालेली ऊर्जा उतरताना परत मिळते, पण उताराच्या पायथ्याशी सिग्नल असेल आणि आपण उतारावरही अ‍ॅक्सिलरेटर दाबत आलो असू, तर मिळालेलं सगळं पुन्हा लायनरमध्ये जाळतो. समोरच्या गाडीच्या पाठीला चिकटून चालवणाऱ्याला तिच्या प्रत्येक ब्रेकला आपलाही ब्रेक लावावा लागतो. चार गाड्यांचं अंतर ठेवलं तर मध्ये एक रिक्षा घुसते हे खरं. घुसू द्या, तिचं मोल दोन रुपयांपेक्षा कमी आहे.

इथेच न्यूट्रलचा प्रश्न येतो. पवईचा उतार आला की गिअर काढून न्यूट्रलला टाकणं, आणि काही महाभाग तर चावीच बंद करणं, ही जुनी सवय आहे. यांत्रिक पंपाला गव्हर्नर असतो. गाडी गिअरमध्ये धावते आहे, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला आहे, इंजिनाचे फेरे आयडलिंगच्या वर आहेत, अशा वेळी गव्हर्नर डिझेल जवळपास पूर्ण तोडतो. इंजिन चाकांकडून फिरवून घेतलं जातं. न्यूट्रलमध्ये मात्र चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो, आणि इंजिन जिवंत ठेवायला पंपाला आयडलिंगचं डिझेल द्यावंच लागतं. सपाट मोकळ्या रस्त्यावर न्यूट्रलमध्ये गाडी जास्त लांब घरंगळते, हे खरं. पण शेवटी थांबायचंच असेल किंवा उतारावर वेग आवरायचा असेल तर गिअर स्वस्त पडतो, आणि लायनरही वाचतात. चावी बंद करण्याबद्दल एवढंच: इंजिन थांबलं की ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही, दोन-तीन दाबांत पॅडल दगडासारखं होतं, आणि चावी निघाली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. मागे टनभर माल घेऊन हे करणं बचतीत मोडत नाही.

ब्रेक न दाबताही ब्रेक लागलेला असू शकतो. जुन्या पिकअपमध्ये हा चोर मी सगळ्यात वरच्या नंबरला ठेवीन, कारण तो आवाज करत नाही. पावसाळ्यात ड्रममध्ये चिखल-पाणी जातं, हँडब्रेकची केबल गंजते, व्हील सिलिंडर अडकतो आणि लायनर ड्रमला किंचित घासत राहतो. तपासणी फुकट आहे. वीसेक मिनिटं चालवून, शेवटच्या टप्प्यात ब्रेक फारसा न वापरता गाडी उभी करा, आणि चारही हबजवळ हात न्या. लावू नका, नुसता जवळ न्या. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागलं तर तिथे लायनर घासतोय किंवा बेअरिंग कोरडं पडलंय. दुसरी खूण म्हणजे सपाट जागेवर न्यूट्रलमध्ये एकट्या माणसाला रिकामी गाडी ढकलता यायला हवी. दोघं लागले तर जॅक लावून चाकं हाताने फिरवून बघा.

टायरच्या हवेबद्दल सगळ्यांना माहीत असतं आणि तरी बहुतेकांची हवा कमी असते. पिकअपचे टायर मालवाहू बनावटीचे असतात, मागच्या चाकांना कारपेक्षा बरीच जास्त हवा लागते. नेमका आकडा गाडीच्या पाटीवर किंवा पुस्तकात असतो, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीसाठी वेगळा. पंक्चरवाल्याच्या अंदाजावर सोडायची ही गोष्ट नव्हे. स्वतःचा गेज ठेवा आणि पहाटे, गाडी निघण्याआधी, टायर थंड असताना तपासा. हवा कमी असली की टायर जमिनीशी जास्त चेपतो, प्रत्येक फेऱ्यात रबर दुमडून सरळ होतं आणि त्यात ऊर्जा मुरते. वर काढलेल्या चाळीस मिलीतला हा हिस्सा आहे, आणि तो प्रत्येक किलोमीटरला लागू होतो, सिग्नल असो-नसो. जुलै-ऑगस्टच्या खड्ड्यांनंतर अलाइनमेंट करून घ्या. पुढच्या टायरवर हात फिरवला आणि एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर चाकं तिरकी धावताहेत.

आता इंजिन. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन ठरावीक प्रमाणात जातात. डिझेलचं तसं नाही. तिथे हवा जेवढी येईल तेवढी आत घेतली जाते, दाबून इतकी तापवली जाते की नोझलमधून उडालेलं डिझेल आपोआप पेटतं, आणि ताकद किती हवी ते फक्त डिझेलच्या मात्रेवर ठरतं. म्हणून डिझेल इंजिनाच्या तब्येतीचे दोन प्रश्न: हवा पुरेशी येते का, आणि डिझेल बारीक तुषार होऊन योग्य क्षणी पडतं का. दोन्हींचं उत्तर धुरात मिळतं.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी, न जळलेला कार्बन बाहेर. पहिला संशय एअर फिल्टरवर. मेट्रोची कामं, काँक्रीटचे रस्ते आणि भिवंडी रोडची धूळ यांच्यात फिल्टर पुस्तकातल्या मुदतीपर्यंत टिकत नाही. फुटपाथवर आपटून तो साफ होत नाही, उलट कागद फाटतो. आतून बाहेरच्या दिशेने हलकी हवा मारायची आणि प्रकाशाला धरून बघायचं, उजेड दिसला नाही तर नवा घालायचा. टर्बोवाल्या गाडीत रबरी पाइपला चीर गेली किंवा क्लिप सैल झाली की टर्बोची हवा वाटेतच सुटते. पाइपच्या सांध्यावर तेलकट धूळ चिकटलेली असते, त्यावरून कळतं. हे सगळं ठीक असूनही काळा धूर येत असेल तर नोझल. झिजलेला नोझल तुषाराऐवजी धार सोडतो, थेंब गाळतो. पंप-नोझल टेस्टिंगच्या दुकानात बेंचवर बसवून तुषाराचा आकार डोळ्यांनी दाखवतात. दाखवायला लावा, नुसतं ‘झालं साहेब’ ऐकून पैसे देऊ नका.

पांढरा धूर थंड इंजिनात सकाळी थोडा वेळ आला तर चिंता नको. गरम झाल्यावरही येत राहिला तर डिझेल उशिरा पडतंय, म्हणजे टायमिंग हललंय, किंवा कॉम्प्रेशन गेलंय. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय.

गाडीची ओढ वाढवून देतो म्हणत डिझेल पंपाचं सील तोडून स्क्रू फिरवणारे मिस्त्री असतात. गाडी खरंच ओढायला लागते, कारण डिझेल जास्त पडतं. हवा तेवढीच राहते, वाढीव डिझेलचा मोठा हिस्सा काळा होऊन बाहेर जातो. ज्या गाडीचं डिझेल वाचवायचंय तिच्यावर हा उपाय म्हणजे उलटी गंगा.

धुराचं मोजमाप आपल्या हातात आपोआप येतं आणि आपण ते घडी करून डॅशबोर्डात कोंबतो. पीयूसीच्या तपासणीत डिझेल गाडीला रेस देऊन धुराची घनता मोजतात. बीएस-४ या उत्सर्जन मानकाच्या आधीच्या गाड्यांना मर्यादा ६५ हार्ट्रिज, बीएस-४ ला ५०. पास की नापास यापेक्षा आकडा महत्त्वाचा. मागच्या वेळी ३२ होता आणि आता ५१ असेल तर गाडी पास झाली तरी फिल्टर किंवा नोझल काहीतरी सांगताहेत. जुन्या पावत्या जपून ठेवा. तपासणी मात्र खरी करून घ्या; पाइप न लावता निघालेली पावती कायद्यालाही फसवते आणि मालकालाही.

थर्मोस्टॅटचं दुखणं आपल्याकडचं खास आहे. मे महिन्यात गाडी तापते, मिस्त्री थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकतो, गाडी तापायची थांबते आणि सगळे खूश. खरं कारण बहुतेकदा तुंबलेला रेडिएटर किंवा ढिला फॅन बेल्ट असतं, ते तसंच राहतं. थर्मोस्टॅटचं काम पाणी ऐंशी अंशांच्या आसपास येईपर्यंत रेडिएटरकडे जाऊ न देणं. तो नसला तर इंजिन नीट गरमच होत नाही. थंड भिंतींना लागून डिझेल अर्धवट जळतं, ऑइल जाड राहतं, पिस्टनना त्यातून घासत जावं लागतं. घाटकोपर ते मुलुंड अशा छोट्या फेऱ्यांमध्ये तर गाडी सगळा वेळ थंडच धावते. तापमानाचा काटा अर्ध्याच्या बराच खाली रेंगाळत असेल तर मिस्त्रीला विचारा, व्हॉल्व्ह आत आहे का. रेडिएटर साफ करून नवा व्हॉल्व्ह बसवणं हा या सगळ्या यादीतला सगळ्यात दुर्लक्षित आणि तुलनेने स्वस्त उपाय आहे, असं माझं मत.

‘आताचं डिझेल जुन्या पंपाला सोसत नाही’ असं म्हणून टाकीत टू-टी ऑइल ओतणारेही भेटतात. बीएस-३ च्या डिझेलमध्ये गंधक दर दहा लाख भागांत ३५० भाग असायचं, बीएस-४ मध्ये ५० झालं, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर १० झालं. गंधक काढताना डिझेलचा नैसर्गिक वंगणपणाही कमी होतो, एवढं खरं. पण रिफायनरी तो भरून काढणारं रसायन मिसळते आणि वंगणपणाची किमान कसोटी मानकातच आहे. पंपाला मारतं ते रॉकेलची भेसळ असलेलं डिझेल आणि पाणी. पावसाळ्यात डिझेल फिल्टरच्या तळाचा ड्रेन अधूनमधून सोडून पाणी काढा.

डिझेलच्या पाइपला लावायची लोहचुंबकं, टाकीत टाकायच्या गोळ्या, इनलेटमध्ये बसवायची फिरकी यांच्यावर ओळी खर्च करण्यासारखं काही नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक साधनं तपासली. लक्षणीय फायदा देणारं त्यांना सापडलं नाही.

उभ्या गाडीचं डिझेल हा वेगळा खड्डा. अडीच लिटरचं इंजिन आयडलिंगला तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास पितं. गोदामाच्या दारात बिलटी होईपर्यंत चालू ठेवलेली गाडी, माल उतरवताना चालू ठेवलेली गाडी, हा वेळ दिवसभरात तासाच्या वर सहज जातो. इंजिन बंद न करण्याचं खरं कारण अनेकदा कमजोर बॅटरी आणि थकलेला स्टार्टर असतो: बंद केली तर धक्का मारावा लागेल ही भीती. तेव्हा बॅटरी आणि स्टार्टर हे डिझेल वाचवण्याचे भाग धरा. टर्बोवाली गाडी जोरात ओढून आली असेल तर मात्र मिनिटभर चालू ठेवून मग बंद करा, टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल करपू नये म्हणून. आणि असल्फाच्या चढावर ट्रॅफिकमध्ये गाडी हाफ क्लचवर धरून ठेवू नका. हँडब्रेक त्यासाठीच आहे.

गिअरबद्दल डिझेल इंजिनाचा स्वभाव लक्षात ठेवला की पुरे. कमी फेऱ्यांवर, थोड्या दाबाखाली ते काटकसरीने चालतं. फेरे वाढवून हलक्या पायाने चालवणं महाग पडतं. वरचा गिअर लवकर टाका, पण इंजिन थरथरायला आणि कण्हायला लागलं तर एक गिअर उतरा.

शेवटचा मुद्दा गाडीचा नाही, धंद्याचा आहे, आणि रुपयांत मोजला तर बहुधा सगळ्यात मोठा. भरलेली गाडी लिटरला दहा देते आणि रिकामी तेरा, म्हणून रिकामी गाडी काटकसरी वाटते. पण रिकाम्या फेरीचं सगळंच डिझेल वाया. मुलुंडला माल टाकून भिवंडीला रिकामं परतण्याऐवजी परतीचं छोटं भाडं मिळालं, तर त्याची बरोबरी कुठलाही नोझल करणार नाही. रस्त्याची निवडही तशीच. पूर्वेकडून पश्चिमेकडे जायला जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता हा ठरलेला मार्ग, आणि त्यावर मेट्रो सहाची कामं वर्षानुवर्षं. अर्धा तास लवकर निघून त्यावरचे वीस ब्रेक कमी केले तर हिशेब वर मांडलेलाच आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून जाणाऱ्या बोगद्यांसह गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता झाला की बोरिवली-मुलुंडच्या गाड्यांचं गणितच बदलेल. तोवर घोडबंदरचा लांबचा वळसा कधी स्वस्त आणि कधी महाग पडतो, हे ज्याने दोन्ही रस्त्यांचं लिटर लिहून ठेवलंय त्यालाच सांगता येईल.

मोठं काम, म्हणजे इंजिन उघडणं, नुसत्या अ‍ॅव्हरेजसाठी काढायचं का, याचं उत्तर आकड्यात शोधा. दिवसाला ६० किलोमीटर चालणारी गाडी नवावरून अकरावर आली तर रोज सव्वा लिटरच्या आतबाहेर वाचतं, म्हणजे एकशेदहा रुपये. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर पावणेतीन हजारांच्या जवळ, वर्षाला बत्तीस-तेहतीस हजार. फिल्टर, हवा, लायनर, थर्मोस्टॅट आणि पायाची सवय यांवर हे मिळालं तर खर्च काही महिन्यांत वसूल. तेवढं करूनही गाडी नवावरच अडली, ऑइलचं झाकण उघडल्यावर आतून धूर फुंकला जात असेल आणि सकाळी सुरू व्हायला वेळ घेत असेल, तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. गॅरेजवाल्याने सांगितलेला ओव्हरहॉलचा खर्च त्या तेहतीस हजारांच्या शेजारी लिहा, आणि फिटनेस किती वर्षं मिळेल असं वाटतं तो आकडा त्याखाली.